पैठणी, परदेशी कार्ड आणि १०.४ : फसवणुकीची जोखीम मोजण्यात गेलेलं एक वर्ष

आमचं दुकान नाशिकमध्ये, माल येवल्याच्या विणकरांकडून. काउंटरवर विक्री होते तशीच वेबसाइटवरही होते. परदेशातली बरीच मराठी कुटुंबं सणासुदीला ऑर्डर देतात आणि पैसे तिकडच्या क्रेडिट कार्डाने भरतात. हे पैसे येताना फसवणुकीचा धोका किती आणि तो ओळखायचा कसा, हे २०२५च्या संक्रांतीपर्यंत आम्ही कधी मोजलंच नव्हतं. त्यानंतर वर्षभर जे करावं लागलं ते इथे तारखांसकट लिहिते आहे. ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना मराठीत ही माहिती एका ठिकाणी मिळत नाही, आणि पहिली नोटीस येते तेव्हा कोणाला विचारावं तेही कळत नाही.

१४ जानेवारी २०२५ला पेमेंट गेटवेची, म्हणजे कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीची, मेल आली. २ नोव्हेंबर २०२४च्या, म्हणजे दिवाळी पाडव्याच्या एका ऑर्डरवर डिस्प्यूट (कार्डधारकाने आपल्या बँकेमार्फत घेतलेली हरकत), रक्कम ३८,५००, कारण कोड १०.४, उत्तराला मुदत सात दिवस. रक्कम त्याच दिवशीच्या सेटलमेंटमधून कापलीही होती. पैसे मिळून ७३ दिवस झाले होते, साडी पोचली होती, वहीत तो व्यवहार पूर्ण झाल्याची खूण होती. मेल वाचून पोटात गोळाच आला.

कोडचा अर्थ आधी समजून घ्या, कारण उत्तर त्यावरच ठरतं. व्हिसाच्या यादीत १०ने सुरू होणारे कोड फसवणुकीचे, ११चे बँकेच्या मंजुरीबद्दलचे, १२चे व्यवहार नोंदवण्यातल्या चुकांचे आणि १३चे ग्राहकाच्या तक्रारींचे. १०.४ म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला व्यवहार, जो कार्डधारक ‘मी केलाच नाही’ म्हणतो. १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे सांगितला तसा नाही. मास्टरकार्डवर पहिल्या प्रकाराचा कोड ४८३७ आणि ग्राहकाच्या तक्रारींचा ४८५३. बहुतेक प्रकारांत कार्डधारकाला १२० दिवसांची मुदत असते. म्हणून दिवाळीची फसवणूक संक्रांतीला कळते.

आमची पहिली चूक अशी की १०.४ला आम्ही १३.१चं उत्तर दिलं. कुरिअरची पी.ओ.डी. (पार्सल पोचल्याची पावती), सहीचा फोटो, बिल, पार्सलचं वजन सगळं जोडलं. पण त्यातून माल कुठेतरी पोचला एवढंच सिद्ध होतं. कार्ड ज्याचं त्यानेच ते वापरलं, हे त्यातल्या एकाही कागदावरून दिसत नव्हतं. ३ मार्चला निकाल आमच्या विरुद्ध लागला.

नुकसान किती झालं ते लिहून काढलं. विणकराला दिलेले २७,०००. कुरिअर २,९००. गेटवेचं तीन टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,३६२ रुपये ९० पैसे; विक्री उलटली तरी हे परत मिळत नाही. डिस्प्यूटचं शुल्क आमच्या करारात ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. एकूण ३१,८५२ रुपये ९० पैसे. हाच व्यवहार सुरळीत झाला असता तर हातात ७,२३७ रुपये उरले असते. म्हणजे एका फसलेल्या साडीची भरपाई करायला तशाच सव्वाचार-साडेचार साड्या विकायला हव्यात. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या मालाच्या भावाने करावा. नफ्याचं प्रमाण जितकं कमी, तितकी फसलेली एक ऑर्डर महाग.

जानेवारीतच, २२ तारखेला, दुसरा १०.४ आला होता. या वेळी उत्तर लिहिण्याआधी ग्राहकाला फोन केला. कॅलिफोर्नियातल्या एक ताई, साडी त्यांना मिळाली होती, त्या खूशही होत्या. कार्ड यजमानांचं होतं. स्टेटमेंटवर त्यांना आमच्या दुकानाचं नाव दिसलंच नाही, कारण गेटवेकडे फर्मचं जुनं नोंदणीकृत नाव होतं. अनोळखी नाव दिसल्यावर त्यांनी बँकेला ‘हा व्यवहार माझा नाही’ असं कळवलं. त्यांनी बँकेत तक्रार मागे घेतली, आम्हाला तसं मेलवर लिहून दिलं, ते आम्ही मुदतीत जोडलं आणि ६ मार्चला पैसे परत जमा झाले. स्टेटमेंटवर व्यापाऱ्याच्या नावाला मोजक्याच अक्षरांची जागा असते. तिथे ग्राहक ज्या नावाने आपल्याला ओळखतो तेच नाव हवं. हा बदल गेटवेकडून करून घ्यायला आम्हाला अकरा दिवस लागले आणि एक पैसाही पडला नाही. आज सुरुवात करणाऱ्याने आधी हेच करावं. स्वतःच्याच कार्डाने दहा रुपयांचा व्यवहार करा आणि स्टेटमेंटवर काय छापून येतं ते पाहा.

स्वतःच्या ऑर्डरी समोर मांडणं

जोखीम मोजायची तर आधी स्वतःचा डेटा हवा. गेटवेच्या डॅशबोर्डवरून पेमेंटची फाइल उतरवली : कार्डाचं नेटवर्क, कार्ड देणाऱ्या बँकेचा देश, शेवटचे चार आकडे, फसलेले प्रयत्न, थ्री-डी सिक्युअरचा (कार्ड देणाऱ्या बँकेने केलेल्या ऑनलाइन खातरजमेचा) निकाल. वेबसाइटवरून ऑर्डरींची फाइल : आय.पी. (ग्राहकाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), मेल, फोन, बिलिंगचा (कार्डाच्या बँकेत नोंदलेला) आणि पाठवायचा पत्ता. कुरिअरकडून पोचल्याच्या तारखा. तिन्ही फाइली ऑर्डर क्रमांकाने जोडायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण नऊ दिवस गेले, कारण फसलेल्या प्रयत्नांना ऑर्डर क्रमांकच नव्हता. ते मेल आणि वेळेवरून जुळवावे लागले. फसलेले प्रयत्न गाळू नका. सगळ्यात कामाची माहिती त्यांच्यातच निघाली.

ही शीट करताना एक पथ्य पाळायचं. पूर्ण कार्ड क्रमांक कुठेही लिहायचा नाही. १ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापाऱ्याला तो साठवता येत नाही. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर कोणीच ठेवायचा नसतो. आमच्याकडे फोनवर कार्डाची माहिती घेऊन ती लिंकवर भरून देण्याची एक जुनी पद्धत होती, ग्राहकाची सोय म्हणून. ती त्याच दिवशी बंद केली.

देशातली आणि परदेशातली कार्डं पहिल्याच पायरीला वेगळी करा. भारतीय कार्डावर ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खातरजमा २००९पासून बंधनकारक आहे, त्यामुळे ओ.टी.पी.ने झालेल्या व्यवहारावर ‘मी केलाच नाही’ हा दावा व्यापाऱ्यावर सहसा टिकत नाही. परदेशातल्या बँकेच्या कार्डाला हा नियम लागू नव्हता. आमच्या गेटवेवर अशी कार्डं नुसता क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्हीवर मंजूर होत होती. ‘बँकेने मंजूर केलं म्हणजे माणूस खरा’ हा आमचा समज चुकीचा होता. मंजुरीचा अर्थ एवढाच की कार्ड चालू आहे आणि त्यात तेवढी मर्यादा शिल्लक आहे.

२०२४ मध्ये परदेशी कार्डांवरच्या ऑर्डरी होत्या ४१२. डिस्प्यूट पाच : दोन १३.१चे, तीन १०.४चे. त्या तिनांतला एक वर सांगितलेला नावाचा घोटाळा. म्हणजे खरी फसवणूक दोन ऑर्डरींत.

मग तयार नियम लावून पाहिले. फसवणूक ओळखण्याच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत हे असतात : बिलिंग आणि पाठवायचा पत्ता वेगळा, आय.पी.चा देश आणि कार्डाचा देश वेगळा, रात्री-अपरात्रीची ऑर्डर, कार्डावरचं नाव वेगळं, पहिल्याच खरेदीला महाग वस्तू. आमच्या ४१२पैकी २३८ ऑर्डरींत पत्ते वेगळे निघाले, म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न टक्के. कारण उघड आहे. मुलगा न्यू जर्सीत, साडी पुण्यात आईला. किंवा बहीण लंडनमध्ये, भाऊ दुबईहून भाऊबीज पाठवतो. आय.पी. आणि कार्डाचा देश ९७ ऑर्डरींत जुळत नव्हता. डिसेंबरात माणसं इकडे सुट्टीवर येतात आणि तिकडचं कार्ड वापरतात. रात्री दोनची ऑर्डर म्हणजे तिकडे दुपार असते. कार्ड नवऱ्याचं, ऑर्डर माहेरच्या नावाने, हे तर रोजचंच. हे नियम तसेच्या तसे लावले असते तर आमची निम्मी खरी गिऱ्हाइकं संशयित ठरली असती. जोखमीचे नियम दुसऱ्याच्या धंद्यावरून उचलायचे नाहीत, हे या आकड्यांनी पटवलं.

खऱ्या फसवणुकीच्या दोन ऑर्डरींत काय वेगळं होतं? पाडव्याच्या ऑर्डरीची नोंद अशी होती : रात्री ११:४१ला एक कार्ड, नाकारलं. ११:४३ला दुसरं कार्ड, दुसऱ्या बँकेचं, सीव्हीव्ही चुकला म्हणून नाकारलं. ११:४४ला तेच पुन्हा, पुन्हा नकार. ११:४५ला तिसरं कार्ड, तिसऱ्याच देशातल्या बँकेचं, मंजूर. चार मिनिटांत तीन कार्डं, आणि ऑर्डरवरचं नाव मात्र एकच. खऱ्या गिऱ्हाइकाचं कार्ड नाकारलं गेलं तर तो बँकेला फोन करतो, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करतो, दुसऱ्या दिवशी परत येतो. फार तर घरातलं दुसरं एक कार्ड लावतो.

दुसरी खूण पत्त्यात होती. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातला पत्ता, नावापुढे खोली क्रमांकासारखा एक लांब आकडा. नकाशावर पाहिलं तर ते गोदाम होतं, पार्सल घेऊन दुसऱ्या देशात पुढे पाठवणाऱ्यांचं. डेलावेअर आणि ओरेगॉनमध्ये विक्रीकर नसल्याने अशी गोदामं तिथे पुष्कळ आहेत. खरे ग्राहकही ती वापरतात, पण तिथे पी.ओ.डी.वर सही गोदामाची पडते, ग्राहकाची नाही.

तिसरी खूण फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. तीस-चाळीस हजारांची पैठणी घेणारं माणूस काही ना काही विचारतंच. पदरावर मोर की मुनिया, काठ किती इंची, ब्लाउजपीस वेगळा की लागून, फॉल-पिको करून पाठवाल का. या दोन्ही ऑर्डरींत एकही प्रश्न नव्हता. एकात एकाच डिझाइनच्या दोन साड्या होत्या. चौकशी फक्त एकच, ‘कधी निघेल’.

गुण देण्याची पद्धत

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुणांची शीट केली. तासाभरात दोनपेक्षा जास्त वेगवेगळी कार्डं लावली तर ४०. पार्सल पुढे पाठवणाऱ्या गोदामाचा पत्ता, ३०. पैसे भरल्यावर पत्ता बदलायची मागणी, ३०. आय.पी.चा देश कार्डाच्याही देशाशी जुळत नाही आणि पाठवायच्याही, २५. बिलिंग पत्त्याच्या तपासणीत पत्ता आणि पिनकोड दोन्ही चूक, २०; ही तपासणी मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांवर चालते, इतर देशांच्या कार्डाला ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि त्याचे गुण शून्य धरायचे. तीस हजारांवरची पहिलीच ऑर्डर आणि आधी काहीच बोलणं नाही, १५. थ्री-डी सिक्युअर झालेलं नाही, १५. सहा महिन्यांपूर्वीचा जुना ग्राहक असेल तर ३० वजा, थ्री-डी सिक्युअर पूर्ण झालं तर आणखी ३० वजा. तीसच्या खाली सरळ पाठवायचं, तीस ते एकोणसाठ फोन करायचा, साठ आणि वर नाकारायचं.

ही मोजपट्टी जुन्या ४१२ ऑर्डरींवर लावली. ३७८ सरळ गेल्या, २९ फोनच्या गटात, पाच नाकारण्याच्या गटात. त्या पाचांत दोन्ही खऱ्या फसवणुकी होत्या, पण तीन खरी गिऱ्हाइकंही होती. म्हणून नियम बदलला : साठच्या वर गेलं तरी आधी फोन, आणि तासात तीन कार्डं लावली असतील तरच थेट नकार. दोन फसवणुकींवरून काढलेले गुण हे शास्त्र नव्हे, अंदाज आहे. तो दर तिमाहीला तपासायचा असं ठरवलं आणि तसं करतो आहोत.

हे चालू असतानाच ८ फेब्रुवारीच्या शनिवारी रात्री वेगळंच घडलं. १४९ रुपयांच्या कापडी पिशवीवर दोन तास वीस मिनिटांत १,१४० वेळा कार्डं लावली गेली. ३७ मंजूर झाली. कोणाला पिशव्या नको होत्या. चोरलेल्या कार्डांपैकी कोणती चालू आहेत हे तपासण्यासाठी स्वस्त वस्तू वापरतात. रक्कम सगळी मिळून ५,५१३ रुपये, पण सदतीसही जणांनी डिस्प्यूट टाकला असता तर नुसत्या शुल्कात २१,८३० गेले असते. रविवारी सकाळीच सगळे परतावे केले. तरी दोन डिस्प्यूट आलेच. त्यांना परताव्याचा २३ आकडी ए.आर.एन. क्रमांक (ज्यावरून बँकेला परतावा शोधता येतो) पाठवला आणि ते मिटले. त्यानंतर चेकआउटवर कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारं कोडं) लावला, एका आय.पी.वरून तासात पाचच प्रयत्न ठेवले, परदेशी कार्डाला किमान ऑर्डर २,००० केली. वेबसाइट सांभाळणाऱ्याने या कामाचे ६,००० घेतले. तुमच्याकडेही शंभर-दोनशेची वस्तू किंवा ‘देणगी द्या’चं बटण असेल तर हे आधीच करून ठेवा.

इथे एक सूचना. डिस्प्यूट येण्याआधी परतावा केला तर प्रश्न सुटतो. डिस्प्यूट आल्यावर वेगळा परतावा करू नका. रक्कम आधीच कापलेली असते, ती दोनदा जाईल. आणि परतावा नेहमी त्याच कार्डावर करायचा. ‘माझ्या दुसऱ्या खात्यावर पाठवा’ असं कोणी म्हटलं तर थांबायचं.

थ्री-डी सिक्युअर आणि हातानं कॅप्चर

गेटवेला परदेशी कार्डांवर थ्री-डी सिक्युअर लावा अशी मेल ३ फेब्रुवारीला केली. त्यांनी आय.ई.सी.ची (आयात-निर्यात नोंदणी क्रमांकाची) प्रत, परताव्याच्या आणि डिलिव्हरीच्या धोरणांची पानं आणि मागच्या डिस्प्यूटचा खुलासा मागितला. २१ फेब्रुवारीला ते चालू झालं, अठरा दिवसांनी. वेगळं शुल्क पडलं नाही.

याचा उपयोग असा : कार्ड देणाऱ्या बँकेने आपल्या ग्राहकाची खातरजमा केली की ‘मी केलाच नाही’ या दाव्याची जबाबदारी बँकेकडे जाते. निकाल ई.सी.आय. नावाच्या दोन आकड्यांत दिसतो. व्हिसावर ०५ म्हणजे खातरजमा पूर्ण, ०६ म्हणजे आपण प्रयत्न केला पण ती बँक यात सामील नाही, ०७ म्हणजे खातरजमा नाही. मास्टरकार्डवर तेच क्रमाने ०२, ०१, ००. पहिल्या दोहोंत बहुतेक वेळा आपण सुटतो, तिसऱ्यात धोका आपला. पाडव्याची ऑर्डर ०७ होती. ग्राहकाला ओ.टी.पी. विचारला नाही म्हणजे खातरजमा झाली नाही असंही नसतं. बँक मागच्या मागे उपकरण ओळखून ०५ देते. आणि हे संरक्षण फक्त फसवणुकीच्या दाव्यापुरतं आहे. माल मिळाला नाही, रंग वेगळा निघाला, या तक्रारींना ते लागू नाही.

किंमत मोजावी लागली. यशस्वी व्यवहारांचं प्रमाण पहिल्या महिन्यात ८१वरून ७४ टक्क्यांवर आलं. शोधल्यावर कळलं की बरेच जण इन्स्टाग्रामच्या आतूनच आमची साइट उघडत होते आणि बँकेचं पान तिथे अडकत होतं. ‘ही लिंक क्रोम किंवा सफारीत उघडा’ आणि ‘बँकेच्या अ‍ॅपवर सूचना येईल, ती मंजूर करा’ अशा दोन ओळी टाकल्यावर प्रमाण ७८वर आलं. उरलेले तीन टक्के आम्ही सोडून दिले.

३ मार्चपासून परदेशी कार्डांना आपोआप कॅप्चर बंद केलं. बँक रक्कम राखून ठेवते, ऑर्डर तपासून झाल्यावर आम्ही बटण दाबतो, मगच ती आमच्याकडे येते. संशय असेल तर सोडून देतो. उचलच झालेली नसल्याने डिस्प्यूटही होत नाही आणि शुल्कही नाही. आमच्या गेटवेवर पाच दिवसांत कॅप्चर केलं नाही तर रक्कम आपोआप सुटते. पाडव्याला जोडून रविवार आला की हे विसरायला होतं, म्हणून रोज सकाळी अकराचा गजर लावलेला आहे.

फोनवर काय विचारायचं यावर बराच विचार केला. पत्ता आणि पिनकोड चोराकडेही असतात. शेवटी एक प्रश्न कामाचा ठरला. आम्ही रक्कम रुपयांत घेतो, तिकडची बँक स्वतःच्या दराने आणि शुल्काने ती डॉलरमध्ये बदलते. तो नेमका आकडा ज्याला खातं दिसतं त्यालाच कळतो. ‘ताई, बँकेच्या अ‍ॅपमध्ये आमच्या नावापुढे डॉलरमध्ये किती दिसतंय?’ एवढंच विचारायचं. आपल्याला नेमका आकडा माहीत नसला तरी दिवसाच्या दराच्या तीन-चार टक्के आसपास तो असतो, आणि खरा माणूस तो सेंटपर्यंत लगेच वाचून दाखवतो. कार्डाचा क्रमांक, ओ.टी.पी. यातलं काहीही विचारायचं नाही. सोबत व्हिडिओवर साडी उलगडून पदर दाखवतो. गिऱ्हाइकाला ते आवडतं आणि तपासणी झाल्यासारखं वाटत नाही.

काउंटरवरचं काम थोडक्यात. चिप असलेलं कार्ड घासून चालवायचं नाही, क्रमांक हाताने टाकायचा नाही, मशीनचा अनुक्रमांक आणि सील आठवड्याला बघून वहीत नोंदवायचं. चार्ज स्लिपचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, उन्हाळ्यात काचेच्या काउंटरखाली ठेवलेली स्लिप दोन महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

टक्केवारी आणि सणांचा हिशोब

मार्चमध्ये गेटवेच्या जोखीम विभागाचं पत्र आलं : जानेवारीत तुमचं डिस्प्यूटचं प्रमाण साडेनऊ टक्के, करारातली मर्यादा एक टक्का. घाबरायला झालं, कारण यावरून खातं बंद होऊ शकतं. हिशोब असा होता : जानेवारीत परदेशी ऑर्डरी २१, डिस्प्यूट दोन. पण ते दोन्ही डिस्प्यूट दिवाळीच्या विक्रीतले होते. मास्टरकार्ड या महिन्याचे चार्जबॅक (डिस्प्यूटमुळे उलटवलेले व्यवहार) मागच्या महिन्याच्या व्यवहारांनी भागतं, व्हिसा त्याच महिन्याच्या. दोन्हींत सणाची विक्री भाजकातून निसटते. जास्त डिस्प्यूट होणाऱ्या दुकानांवर नजर ठेवणारे व्हिसा-मास्टरकार्डचे मोठे कार्यक्रम आहेत, पण त्यांची भीती छोट्या दुकानाला नाही. मास्टरकार्डला महिन्याला किमान १०० चार्जबॅक लागतात, आणि १ एप्रिल २०२५पासून लागू झालेल्या व्हिसाच्या नव्या कार्यक्रमात किमान १,५०० प्रकरणं. आपल्याला बांधतो तो गेटवेचा करार. आम्ही बारा महिन्यांचं प्रमाण मांडून दाखवलं, ४१२ला पाच, म्हणजे १.२ टक्के, आणि केलेले बदल तारखांसह लिहिले. २४ मार्चला त्यांनी सहा महिन्यांची देखरेख ठेवून विषय मिटवला. आता दिवाळीनंतर आम्हीच आधी कळवतो.

एप्रिलमध्ये आणखी एक दुरुस्ती केली. जुन्या ग्राहकाने १०.४ टाकला तर व्हिसाच्या १५ एप्रिल २०२३पासूनच्या नियमाने त्याच कार्डावरचे आधीचे दोन निर्विवाद व्यवहार दाखवता येतात. ते डिस्प्यूटच्या १२० ते ३६५ दिवस आधीचे हवेत, आणि तिन्ही व्यवहारांत किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात, त्यातली एक आय.पी. किंवा उपकरणाची ओळख. गुढीपाडवा आणि दिवाळी असं वर्षातून दोनदा घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे भरपूर आहे. पण आमची वेबसाइट आय.पी.ची नोंद तीस दिवसांत पुसत होती. ती मुदत आता ५०० दिवस केली.

२०२५च्या दसरा-दिवाळीला १३३ परदेशी ऑर्डरी झाल्या. अकरा जणांना फोन केले, सरासरी बारा मिनिटांचे. चार ऑर्डरी सोडून दिल्या. त्यातल्या तीन ठिकाणी फोन उचलला गेलाच नाही, एकाने डॉलरचा आकडा सांगायचं टाळलं. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, तिथून १२० दिवस १८ फेब्रुवारी २०२६ला भरले. १०.४ एकही आला नाही.

१३.१ मात्र एक आला, आणि तो आमच्या मोजपट्टीत कुठेच नव्हता. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५पासून कमी किमतीच्या पार्सलांची करमाफी बंद केली. टेक्ससमधल्या एका काकूंना दारात कुरिअरने कर मागितला, त्यांनी पार्सल घेतलं नाही. ते ४१ दिवसांनी नाशिकला परत आलं, खोक्याचा एक कोपरा दबलेला, साडी ठीक. कर कोण भरणार हे आमच्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही तो डिस्प्यूट लढवला नाही, मान्य केला. आता अमेरिकेच्या पत्त्यावर कर किमतीत धरूनच पाठवतो, चेकआउटला तशी ओळ आहे, आणि शीटमध्ये ‘कर कोणाकडे’ असा एक नवा रकाना आहे. तो रिकामा असेल तर कॅप्चर करायचं नाही.